बिनदाराचा नाका

या पुस्तकातल्या एकाही गोष्टीखाली तात्पर्य छापलेले नाही. हस्तलिखित वाचणाऱ्या दोघा-तिघांनी विचारले, की ते छापायचे राहून गेले का. राहून गेलेले नाही, मुद्दाम सोडले आहे. ते का सोडले हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना.

मराठी माणसाची तात्पर्याची सवय जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' निघाली. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी ते एक, आणि ते इसापाच्या गोष्टींचे भाषांतर होते. पुढे इसापनीती आपल्या शाळांत इतकी रुजली, की गोष्ट संपली म्हणजे तात्पर्य आलेच पाहिजे, असे लहानपणीच मनात बसते. परीक्षेत गोष्टीतला एखादा तपशील चुकला तरी चालतो, ती शेवटची ओळ मात्र चुकून चालत नाही. कोल्हा आणि करकोचा आपल्याला त्या ओळीपर्यंत आणून सोडतात आणि निघून जातात.

झेनमधल्या ज्या छोट्या प्रसंगांना कोआन म्हणतात ते, आणि चीनच्या ताओ परंपरेतल्या कथा, अशा ओळीपाशी आणून सोडत नाहीत. गोष्ट संपते तेव्हा आपण तिच्या मध्येच उभे असतो. एकट्याने वाचताना माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. 'काही कळले नाही' म्हणून पान उलटतो, किंवा घाईघाईने स्वतःच एक तात्पर्य तयार करतो आणि मोकळा होतो. आमच्यापैकी प्रत्येकाने हे दोन्ही केले होते. चार माणसांत बसून वाचायला लागल्यावर मात्र तिसरा मार्ग सापडला. हे पुस्तक त्यातून आले आहे.

आम्ही सहा-सात जण. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणारे. एक गणिताच्या शिक्षिका, एक परिचारिका, एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका, एक मालवाहतुकीच्या धंद्यातले, एक हिशेबनीस, आणि घर सांभाळून हे सगळे वाचणाऱ्या एक ताई. महिन्यातून दोन रविवार कुणाच्या तरी घरी जमायचे. रविवारीच, कारण बाकीचे सहा दिवस लोकलचे असतात. मेगाब्लॉक असला की कुणीतरी उशिरा येणार हे धरूनच चालायचे. आमच्यात कुणी गुरू नव्हता, कुणाला चिनी किंवा जपानी येत नव्हते, आणि कुणी झेनची रीतसर दीक्षा घेतलेली नव्हती. ही गोष्ट वाचकाने सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. इथे जे आहे ते वाचणाऱ्या, काम करणाऱ्या माणसांचे बोलणे आहे.

आधी पुस्तकाच्या नावाबद्दल. इसवी सन १२२८ मध्ये वूमेन ह्वेखाई नावाच्या चिनी भिक्षूने शिष्यांसाठी अठ्ठेचाळीस प्रसंग निवडले आणि प्रत्येकावर स्वतःची टीका आणि चार ओळींचे पद्य जोडले. त्या संग्रहाचे नाव 'वूमेनक्वान', जपानीत 'मुमोनकान'. इंग्रजीत तो 'गेटलेस गेट' म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणून मी पहिल्या खर्ड्यात 'द्वारहीन द्वार' असे लिहिले होते. वाचून दाखवल्यावर वाहतुकीच्या धंद्यातल्या मित्राने विचारले, की यातला 'क्वान' म्हणजे नेमके काय? मी सांगितले, सरहद्दीवरची चौकी. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे थांबवतात, कागद तपासतात आणि मग सोडतात. तो म्हणाला, "मग सरळ नाका म्हणा ना."

त्याचे बरोबर होते. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. टेंभी नाका, तीन हात नाका आणि मुंबईच्या हद्दीवरचा मुलुंड चेक नाका. त्या मित्राच्या आयुष्यातले कितीतरी तास मुंबईच्या हद्दीवर जकातीच्या रांगेत गेले होते. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. नावे मात्र तशीच राहिली. आजही लोक मुलुंड चेक नाक्याला उतरतात, कुणीतरी तिथे भेटायचे ठरवतात. जकातीसाठी अडवणारे कुणी नाही, दार नाही, तरी नाका आहे. शिवाय मराठीत नाका म्हणजे चार माणसे उभी राहून बोलतात ती जागाही. या दोन्ही अर्थांनी 'बिनदाराचा नाका' हेच नाव ठरले.

'कोआन' या शब्दाची गोष्टही अशीच आहे. मूळ चिनी शब्द 'कुंगआन'. तो मठातून आलेला नाही, कचेरीतून आला आहे. न्यायाधिकाऱ्यापुढच्या मेजावरचे प्रकरण, सार्वजनिक दप्तरात नोंदलेला खटला, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे चावडीवर चालणारा तंटा जसा गावाच्या समोर चालतो, तसा. चाओचौ या आचार्यांना एका नव्या भिक्षूने उपदेश मागितला. त्यांनी विचारले, सकाळची पेज खाल्लीस का. तो हो म्हणाला. मग वाडगा धुऊन ठेव, असे त्यांनी सांगितले. प्रकरण एवढेच. शेकडो वर्षे हे प्रकरण दप्तरात आहे आणि ज्याला त्याला पुन्हा उघडता येते. हे कळल्यावर आमचा एक संकोच गेला. आपण एखाद्या गुप्त विद्येत नाक खुपसत आहोत असे जे वाटत होते, ते वाटेनासे झाले.

आता एक रविवार जरा जवळून दाखवतो.

वूमेनच्या संग्रहात चाळिसावा प्रसंग आहे. पायचांग या आचार्यांना नव्या डोंगरावरच्या मठासाठी प्रमुख निवडायचा होता. त्यांनी पाण्याचे भांडे जमिनीवर ठेवले आणि सगळ्यांना विचारले, की याला भांडे म्हणायचे नाही, तर मग काय म्हणाल? मठातल्या ज्येष्ठ भिक्षूने उत्तर दिले, की याला लाकडाचा ओंडका तर म्हणता येणार नाही. मग स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या वेशानची पाळी आली. त्याने पायाने ते भांडे लवंडले आणि निघून गेला. आचार्य हसले. नवा मठ वेशानला मिळाला.

गोष्ट वाचून झाली तेव्हा शिक्षिकाबाई आत गेल्या आणि पाण्याने भरलेला पितळी तांब्या आणून मध्ये ठेवला. म्हणाल्या, "आता सांगा. तांब्या म्हणायचं नाही." आम्ही एकेक उत्तर देऊ लागलो. एकाने त्याचे वजन आणि धातू सांगितला. दुसऱ्याने त्याला वर्तुळांची चळत म्हटले. ताई म्हणाल्या, "हा आईनं लग्नात दिलेल्या भांड्यांतला असणार, कड बघा कशी झिजलीय." प्रत्येक उत्तर चांगले होते आणि प्रत्येक उत्तर त्या ज्येष्ठ भिक्षूच्या ओंडक्यासारखे होते. कुणालाच लाथ मारायचे धाडस झाले नाही, कारण खाली सतरंजी होती आणि पितळेला पाय लावायची आमची सवय नव्हती.

तेवढ्यात रेल्वेतले काका आले. मेगाब्लॉकमुळे कल्याणहून निघायला उशीर झालेला, मे महिना, सदरा पाठीला चिकटलेला. काय चालले आहे हे त्यांना माहीतच नव्हते. त्यांनी तांब्या उचलला, मान मागे टाकली, ओठ न लावता वरून धार धरून निम्मा तांब्या रिकामा केला, आणि तो होता तिथे ठेवला. कुणी काही बोलेना. ते म्हणाले, "काय झालं?"

पुढचा अर्धा-पाऊण तास एकाच प्रश्नावर गेला. काकांनी उत्तर दिले, की नाही? परिचारिकाताई म्हणाल्या, "त्यांना प्रश्नच ठाऊक नव्हता, मग उत्तर कसलं?" शिक्षिकाबाई म्हणाल्या, "ठाऊक नव्हता म्हणूनच जमलं." हिशेबनीस म्हणाले, "मला नाही पटत. मग तहानलेलं प्रत्येक जनावर झेन गुरू झालं." काका आपले सांगत होते, "अहो, मला तहान लागली होती."

पुढच्या बैठकीत कुणीतरी तसाच एक डबा मध्ये ठेवला. या वेळी आमच्यातल्या एकाने तो रुबाबात उघडून आतला लाडू खाल्ला. सगळे गप्प बसले, पण ते गप्प बसणे वेगळे होते. आदल्या वेळची कृती आता नक्कल झाली होती आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला लगेच जाणवले. नक्कल का जाणवते, हे आमच्यापैकी कुणालाही नीट सांगता आले नाही. पण ती जाणवते हे त्या दिवशी आम्ही लाडवासकट अनुभवले. नुसते वाचून ते हाती लागले नसते.

नकलेचाच विषय निघाला म्हणून आम्ही त्याच संग्रहातला तिसरा प्रसंग घेतला. एक आचार्य कुणी काहीही विचारले तरी फक्त एक बोट वर करत. त्यांच्याजवळचा मुलगा तीच नक्कल करू लागला. आचार्यांनी त्याचे बोट कापले, आणि रडत पळणाऱ्या मुलाला हाक मारून पुन्हा आपले बोट वर केले. त्या क्षणी त्याला उमगले, असे गोष्ट सांगते. परिचारिकाताईंनी पुस्तक मिटले. त्या म्हणाल्या, "यंत्रात बोट गेलेली मुलं मी बघितलीत. त्या वेळी कुणाला काही उमगत नाही. ही गोष्ट मला चालणार नाही." कुणी म्हणाले, ते रूपक आहे. त्या म्हणाल्या, "असू दे." आम्ही त्यांची समजूत घालायचा प्रयत्न सोडून दिला. त्यांचा नकार या पुस्तकात त्या गोष्टीखाली जसाच्या तसा छापला आहे. शेकडो वर्षे जुनी आहे म्हणून गोष्टीपुढे मान तुकवायची आणि स्वतःच्या हातांनी बांधलेली जखम विसरायची, हे आम्हाला खोटेपणाचे वाटले.

पायचांगचे भांडे वाचताना कुणाही मराठी माणसाला दुसरे एक मडके आठवते. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे कशाला? मडकी कच्ची की भाजलेली ते तपासायला, असे गोरोबांनी सांगितले. मग आम्हालाही तपासा, असे ती म्हणाली. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. सगळे गप्प राहिले आणि नामदेव चिडले. मडके कच्चे ठरले. तेच नामदेव पुढे औंढ्याला गेले तेव्हा विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले. जिथे पिंड नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच विसोबांनी सांगितले. या दोन कथा कुठल्याही कोआनसंग्रहात शोभल्या असत्या. आपण त्या कीर्तनात इतक्या वेळा ऐकतो, की त्यांच्या शेवटी 'अहंकार नको' ही ओळ आपोआप चिकटते. चिनी गोष्टींच्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा ती ओळ गळून पडली. ताईंनी विचारले, "पण नामदेव ओरडले ते खरं दुखलं म्हणूनच ना? मग खरं बोलणारा कच्चा कसा?" इतकी वर्षे ती कथा ऐकूनही हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता.

चीनमधले हे संग्रह आणि मराठीतले पहिले गद्य जवळजवळ एकाच काळातले आहे. वूमेनने आपले प्रसंग १२२८ मध्ये निवडले, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. दोन्ही देशांना एकमेकांच्या या उद्योगाची कल्पना नव्हती. पण आचार्य काय बोलले, कसे वागले, याच्या लहान लहान नोंदी गोळा करून ठेवाव्यात, ही गरज दोन्हीकडे सारखीच वाटली. केसोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त आधी सूत्र येते, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त कशाला लागू आहे त्याचा उलगडा. वूमेनकडेही तीन भाग आहेत. मात्र त्याची टीका उलगडा करत नाही, वाचकालाच उलट प्रश्न विचारते. लीळाचरित्रातल्या कितीतरी लीळा मात्र कसलाही उलगडा न करता थांबतात. त्या अर्थाने आपल्या भाषेने दोन्ही रीती आरंभापासून पाहिल्या आहेत.

महानुभावांकडून आम्ही आणखी एक गोष्ट घेतली. म्हाइंभट भक्तांकडे जाऊन आठवणी गोळा करत. एकाच लीळेची कुणाची आठवण दुसऱ्याहून वेगळी निघाली, तर ती खोडून न टाकता त्या त्या व्यक्तीची 'वासना' म्हणून नोंदवलेली आढळते. हे पुस्तकही तसेच रचले आहे. आधी गोष्ट, आणि तिच्याखाली तात्पर्याऐवजी आम्हा माणसांच्या वासना. त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि आम्ही त्या जुळवल्या नाहीत.

या उद्योगावरचा सर्वांत मोठा आक्षेप झेन परंपरेतूनच येतो. वूमेनच्या आधी शंभर वर्षे युआनवू या आचार्यांनी शंभर कोआनांवर प्रवचने दिली. ती 'निळ्या कड्याची नोंदवही' म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांचेच पट्टशिष्य ताहुई यांनी त्या पुस्तकाचे छापण्याचे लाकडी ठसे जाळले, अशी परंपरा सांगते. कारण शिष्य त्यातली चमकदार वाक्ये पाठ करून एकमेकांवर फेकू लागले होते. मठात कोआन घेऊन साधक महिनोन् महिने बसतो आणि आचार्यांपुढे एकट्याने उभा राहतो. चहा पीत केलेली आमची चर्चा ही ती साधना नव्हे. ज्याला ती करायची आहे त्याने जाणत्या गुरूकडे जावे. पण ताहुईंना ज्याची भीती होती ती पाठांतराची चमक. आमच्या खोलीत ती फार वेळ टिकत नसे, कारण समोर बसलेला माणूस आपल्याला रोज ओळखणारा होता. सोडून देण्यावर सुंदर बोलणाऱ्याला "काल गाडीत सीटसाठी किती भांडलास?" असे विचारणारा त्याच गाडीने येत होता.

झेन आपल्याला परके वाटते, पण त्या नावाचा प्रवास इथून सुरू होतो. संस्कृतातले 'ध्यान' पालीत 'झान' झाले. चिनी भाषेत त्याचा उच्चार आपल्या 'छान'च्या अगदी जवळचा होतो, आणि तोच जपानमध्ये 'झेन' झाला. ठाण्याच्या येऊरच्या डोंगरापलीकडे, त्याच जंगलात, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. कल्याण तेव्हा मोठे बंदर होते. तिथल्या व्यापाऱ्यांनी भिक्षूंना राहायला खोल्या आणि पाण्याच्या पोढ्या कोरून दिल्या. पोढी म्हणजे टाके. त्या टाक्यांत पावसाळ्यानंतर आजही पाणी साठलेले दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसाने दुसऱ्याच्या ध्यानासाठी पाण्याची सोय केली होती. आम्ही कल्याणला बसून छान-झेन वाचतो तेव्हा फार लांबून काही उसने आणतो आहोत असे मला वाटत नाही.

ताओच्या बाबतीत मात्र शब्दापासूनच अडचण आली. ही अडचणही जुनी आहे. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग मायदेशी परतला, तेव्हा सम्राटाच्या आज्ञेवरून लाओत्सुचा ग्रंथ संस्कृतात नेण्याचे काम त्याच्याकडे आले. 'ताओ'ला संस्कृत शब्द कोणता, यावर ताओ पंडितांशी त्याचा वाद झाला. त्यांना 'बोधि' हवा होता, त्याने 'मार्ग' धरला. ते भाषांतर आज उरलेले नाही, वादाची हकिगत उरली आहे. आमच्याकडेही 'मार्ग', 'धर्म' आणि 'ऋत' हे शब्द पुढे आले. शेवटी 'वाट' ठरला. मार्ग कुणीतरी आखून दिलेला असतो. वाट चालून चालून पडते, आणि मराठीत आपण कुणाची वाट पाहतो तेही याच शब्दात.

ताओ कथांमध्ये मला सर्वांत जवळची वाटते ती च्वांगत्सुची झाडाची कथा. एका देवस्थानाजवळ प्रचंड झाड असते. त्याच्या सावलीत हजारो बैल मावतील असे. सुतार त्याच्याकडे न बघता पुढे जातो. शिष्य विचारतो, इतके मोठे लाकूड तुम्ही पाहिलेसुद्धा नाही? सुतार सांगतो, ते बिनकामाचे आहे. होडी केली तर बुडेल, पेटी केली तर कुजेल, खांब केला तर कीड लागेल. रात्री झाड स्वप्नात येते आणि विचारते, की फळझाडांना कामाचे असण्यापायी ओरबाडले जाते ते तू पाहिलेस ना? बिनकामाचा होण्यासाठी मी किती काळ खटपट केली आहे. सकाळी शिष्य पुन्हा विचारतो, बिनकामाचे राहायचे होते तर देवस्थानाचे झाड कशाला झाले? सुतार त्याला गप्प बसवतो. गोष्टीतच दोनदा प्रश्न विचारणारा बसलेला आहे, हे लक्षात घ्यावे.

त्या दिवशी बोलणे निवृत्तीकडे वळेल असे वाटले होते, आणि थोडे वळलेही. मग ताई बोलल्या. "सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होत्या. येणारा-जाणारा म्हणायचा, तुला किती त्रास. त्यांच्याच्यानं काही होत नव्हतं हे खरं. पण त्या खोलीत होत्या तोवर घरात कुणी आवाज चढवला नाही. त्या गेल्या आणि दोन महिन्यांत भाऊ-भाऊ वेगळे झाले. आता सांगा, बिनकामाचं कोण?" त्यावर कुणी काही म्हटले नाही. मी पुस्तकात ते टिपले आहे, माझ्या दृष्टीने त्या कथेवरची ती सर्वांत चांगली टीका आहे.

घोडा हरवलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, तिच्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. एवढेच सांगतो, की 'जे होते ते भल्यासाठी' हे तिच्याखाली लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ती गोष्ट तसे म्हणत नाही. म्हातारा भल्याचीही खात्री देत नाही.

अनेक मराठी वाचकांची या साहित्याशी पहिली ओळख १९७४ नंतर पुण्यातल्या ओशोंच्या प्रवचनांतून झाली, माझीही तशीच झाली. त्याआधी आणि नंतर इंग्रजी पुस्तके होतीच. प्रवचनात एक बोलतो आणि हजार ऐकतात, आपल्या व्याख्यानमालांतही तसेच. त्यातून मिळते ते मोठे आहे. कट्ट्यावर मिळते ते वेगळे असते. तिथे बोलणारा दर मिनिटाला बदलतो आणि आपले वाक्य पूर्ण होण्याआधीच समोरच्याचा चेहरा दिसतो.

ज्यांना असे बसायचे आहे त्यांच्यासाठी आमची पद्धत थोडक्यात. गोष्ट मोठ्याने दोनदा वाचावी, शक्यतो दोघांनी. पहिली पाच मिनिटे कुणी अर्थ सांगू नये. जे बोलायचे ते आपल्या घरातले, गाडीतले, कामावरचे असावे. 'थोडक्यात काय तर' असे कुणी म्हणाले की चहा ठेवावा. एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी. पुढच्या वेळी आधीच्या गोष्टीवर कुणी मत बदलून आला, तर त्याला पहिल्यांदा बोलू द्यावे.

चिनी नावे शक्यतो मूळ उच्चाराच्या जवळ लिहिली आहेत. एका बाबतीत विद्वानांची क्षमा मागतो. आम्ही भाषांतरांवरून वाचले, आणि दोन भाषांतरे जिथे वेगळी पडली तिथे जे बोलीत सहज आले ते घेतले.

आभार मानायचे ते आधी ग्रंथालयांचे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ज्या गावांत इतकी वर्षे माणसे पुस्तकासाठी एका छपराखाली येत आहेत, तिथे एकत्र वाचण्याची कल्पना कुणाला नवीन वाटली नाही.

दुसरे आभार आमच्या हिशेबनीसकाकांचे. 'मला नाही पटत' हे त्यांचे वाक्य या पुस्तकात सर्वांत जास्त वेळा आले आहे. सुरुवातीला मला त्याचा राग येत असे. च्वांगत्सु आणि त्याचा मित्र ह्वेत्सु यांचा पुलावरचा वाद वाचला तेव्हा तो गेला. पाण्यातले मासे कसे मजेत आहेत, असे च्वांगत्सु म्हणतो. तू मासा नाहीस, तुला कसे कळले, असे ह्वेत्सु विचारतो. तू मी नाहीस, मग मला कळत नाही हे तुला कसे कळले, असा वाद वाढत जातो. पुढे ह्वेत्सु वारतो. त्याच्या थडग्याजवळून जाताना च्वांगत्सु बरोबरच्यांना एक गोष्ट सांगतो. एका गवंड्याच्या नाकाला माशीच्या पंखाएवढा पातळ चुना लागे. त्याचा सुतार मित्र कुऱ्हाड फिरवून तेवढाच चुना उडवी आणि गवंडी जराही हलत नसे. राजाने ते करून दाखवायला सांगितले, तेव्हा सुतार म्हणाला, की मला ते यायचे खरे, पण समोर उभा राहणारा गेला. ह्वेत्सु गेल्यापासून माझ्याशी बोलणारे कुणी उरले नाही, असे च्वांगत्सु म्हणतो.

हिशेबनीसकाका गेल्या वर्षी, हे पुस्तक पुरे होण्याआधी गेले. त्यांच्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तीच पुलावरची गोष्ट वाचली. 'तुला कसे कळले' या ठिकाणी वाचणारा आपोआप थांबला, कारण तिथे ते बोलले असते. कुणीच बोलले नाही. मग पुढचे वाचले. गोष्ट दहा मिनिटांत संपली.

डोंबिवली